ताई, माई, अक्का आणि ओवाळणीचे ताट

माझ्या स्वयंपाकघरात एकाच माणसाने दिलेले तीन डबे आहेत. पहिला २०२३ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातला, दुसरा २०२४ चा आणि तिसरा, ज्याचे झाकण सर्वांत घट्ट बसते तो, २०२५ चा. तिन्ही झाकणांवर त्यांचे हात जोडलेले छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘भावी नगरसेवक’ ही पदवी आहे. आमच्या महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक होता होता २०२६ साल उजाडले. त्यामुळे प्रभागातल्या इच्छुकांना जवळजवळ चार वर्षे नुसते इच्छुकच राहावे लागले, आणि या काळात त्यांच्या इच्छेचा बराचसा खर्च आम्हा बायकांवर झाला. हळदीकुंकू झाले, मंगळागौरीच्या स्पर्धा झाल्या, ‘खेळ पैठणीचा’ तर दोनदा झाला, आणि श्रावणात अष्टविनायकाला जाणाऱ्या बसगाड्या सुटल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आरक्षणाची सोडत निघाली. चार सदस्यांच्या आमच्या प्रभागात या गृहस्थांनी जी जागा मनात धरली होती ती ‘सर्वसाधारण महिला’ म्हणून राखीव झाली, आणि आठवड्याच्या आत चौकातल्या फलकावर त्यांच्या पत्नीचे छायाचित्र आले. शेजारी त्यांचे स्वतःचे छायाचित्र होतेच, आणि ते आकाराने थोडे मोठे होते. त्या बाईंना आम्ही तीन वर्षे वाण लुटताना पाहिले होते. त्यांचा आवाज मात्र प्रचारात प्रथमच ऐकला. त्या माझ्या दारी आल्या तेव्हा बरोबरच्या कार्यकर्त्याने मला विचारले, “काकू, काका आहेत का घरात?” काका फिरायला गेले आहेत असे कळल्यावर त्याने दुसरा प्रश्न केला, “मग घरात मतं किती?” एकोणतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे. मी त्याला सांगितले की मत एक आहे आणि ते दारातच उभे आहे. उमेदवार बाई हसल्या, कार्यकर्ता हसला नाही.

मत मागणारे लोक बायकांशी कसे बोलतात, याकडे माझे लक्ष लहानपणापासून आहे. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ ही आरोळी आणि पुढे अमक्या चिन्हावर शिक्का मारण्याची विनंती ऐकत माझ्या पिढीचे बालपण गेले. शिक्का गेला, यंत्र आले, पण ताई, माई आणि अक्का तिथेच राहिल्या. उमेदवाराच्या भाषणात पुरुषांचा उल्लेख नीट ऐकला तर ते शेतकरी असतात, कामगार असतात, व्यापारी, रिक्षाचालक, बेरोजगार तरुण असतात. बाईचा उल्लेख आला की ती बहीण होते, माता होते, फार तर वहिनी होते. वर्षातले आठ महिने शेतात वाकून राबणारी बाई ‘शेतकरी बांधवांनो’ या हाकेत नसते. तिला ‘माता-भगिनींनो’ या वेगळ्या ओळीत उभे केले जाते. नात्याने हाक मारणे ही आपल्याकडची रीत आहे आणि मला तिचा राग नाही; भाजीवालीला मीही मावशीच म्हणते. परंतु नाते लावले की देण्याघेण्याचे नियमही नात्याचे लागू होतात. बहिणीला भाऊ जे देतो त्याला ओवाळणी म्हणतात, आणि ओवाळणी किती घातली, का घातली, पुढच्या वर्षी घालणार का, हे बहिणीने विचारायचे नसते.

या देशात स्त्रीचे मतदार म्हणून नाव लागण्याचा आरंभच नात्याच्या भांडणातून झाला, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या तेव्हा उत्तर आणि मध्य भारतातल्या असंख्य स्त्रियांनी परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची बायको’ एवढीच त्यांची नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. निर्णय कठोर होता. त्या २८ लाख जणींनी पहिले मतदान गमावले, हे विसरून त्या निर्णयाचे कौतुक करणे मला कधीच जमले नाही. पण मत ज्या व्यक्तीचे आहे तिला स्वतःचे नाव हवे, हा आग्रह मात्र तेव्हापासून यादीत टिकला. तो भाषणात उतरला नाही, एवढेच.

ओवाळणीचा सर्वांत मोठा समारंभ आपण २०२४ मध्ये पाहिला. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत महायुतीला महाराष्ट्रात मार बसला होता. त्यानंतर २८ जून रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना मांडली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत, आणि दरमहा १,५०० रुपये थेट बँक खात्यात. योजना मध्य प्रदेशातल्या ‘लाडली बहना’वरून घेतली होती, हे कोणी लपवले नाही. पहिले हप्ते ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहिता लागण्यापूर्वी दिवाळीच्या निमित्ताने एकत्र आले. वर्षाचा खर्च ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला. खालच्या पातळीवर अर्ज भरून घेण्याचे काम बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी सेविकांनी केले. मानधनवाढीसाठी त्याच बायकांनी २०२३ च्या डिसेंबरपासून जवळजवळ दोन महिने संप केला होता. त्यांना एका अर्जामागे ५० रुपये कबूल करण्यात आले. ज्यांना कामाचा मोबदला वाढवून हवा होता त्या बहिणी, दुसऱ्या बहिणींच्या ओवाळणीची कागदपत्रे भरत बसल्या होत्या.

या योजनेवर शहरी मध्यमवर्गात जे बोलले गेले त्यातले बरेचसे मला मान्य नाही. आमच्या सोसायटीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी ‘दीड हजारात मत विकले’ असे म्हटले तेव्हा मला त्यांच्या आयकरातल्या सवलती आठवल्या. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी पहिल्या दोन हप्त्यांतून मुलीच्या शिकवणीची थकलेली फी भरली आणि तिसऱ्यातून स्वतःसाठी चष्मा केला. चाळिशी लागून सहा वर्षे झाली होती, तोवर त्या तांदूळ अंदाजाने निवडत होत्या. नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे पैसे आयुष्यात प्रथमच हाती आले, असे त्यांनी मला सांगितले. ही गोष्ट लहान नाही, आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार स्वतःचे निवृत्तिवेतन दरमहा काढणाऱ्या माझ्यासारखीला तर मुळीच नाही. माझा आक्षेप पैशांवर नसून ताटावर आहे.

तमिळनाडूत २०२३ च्या सप्टेंबरपासून स्त्रियांना दरमहा १,००० रुपये मिळू लागले, आणि त्या योजनेच्या तमिळ नावात ‘उरिमै’ हा शब्द आहे, म्हणजे हक्क. मगळिर उरिमै तोगै, म्हणजे स्त्रियांच्या हक्काची रक्कम. तिथेही निवडणुकीचे गणित आहेच. द्रमुकने ते आश्वासन प्रचारात दिले होते आणि योजनेला करुणानिधींचे बिरुद लावायलाही ते विसरले नाहीत. तरीही घरात बिनपगारी राबणाऱ्या बाईला सरकार काही देणे लागते, हे त्या एका शब्दाने कबूल केले. आपल्याकडे आणि मध्य प्रदेशात ती लाडकी बहीण झाली आणि कर्नाटकात गृहलक्ष्मी. हक्काची रक्कम थांबली तर माणूस दाद मागतो. ओवाळणी थांबली तर भाऊ रागावला असेल, आपले काय चुकले असेल, असे बहिणीला वाटते.

भाऊ रागावू शकतो, याची जाणीव प्रचाराच्या धामधुमीत उघडच करून दिली गेली. ज्या स्त्रिया योजनेचे पैसे घेतात आणि काँग्रेसच्या सभांत किंवा फेऱ्यांत दिसतात त्यांची छायाचित्रे काढून आमच्याकडे द्या, अशा आशयाचे विधान कोल्हापूरचे भाजपचे राज्यसभा खासदार धनंजय महाडिक यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर सभेत केले. गदारोळ झाल्यावर त्यांनी माफी मागितली. परंतु माफी वर्तमानपत्रात येते आणि धाक वस्तीत राहतो. मतदान गुप्त असते हे बाईंना माहीत असले, तरी केंद्रनिहाय मतांचे आकडे निकालानंतर सर्वांसमोर असतात, त्यामुळे कोणत्या वस्तीने काय केले हे स्थानिक कार्यकर्त्याला बऱ्यापैकी कळते, हेही त्यांना माहीत असते. स्वयंपाकाच्या बाई त्या महिन्यात कोणाच्याच सभेला गेल्या नाहीत.

विरोधकांनी या नात्याच्या भाषेला दुसरी भाषा दिली असती तर बरे झाले असते. महाविकास आघाडीने ‘महालक्ष्मी’ या नावाने ३,००० रुपये आणि मोफत बसप्रवास जाहीर केला, महायुतीने १,५०० चे २,१०० करू म्हटले, आणि प्रचाराचे रूपांतर लिलावात झाले. त्याच सुमारास मुंबादेवी मतदारसंघात शिवसेनेच्या उमेदवार शायना एनसी यांच्याविषयी ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी ‘इम्पोर्टेड माल’ असे शब्द वापरले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि सावंतांनी दिलगिरी व्यक्त केली. दोन्ही बाजूंची उदाहरणे मी मुद्दाम घेत आहे, कारण आपल्या पक्षाने बाईचा अपमान केला की ‘विपर्यास’ होतो आणि दुसऱ्याने केला की ‘संस्कृतीचा प्रश्न’ होतो, हे मी अनेक निवडणुका पाहत आले आहे. व्यासपीठाच्या समोर बसली तर बाई बहीण असते. व्यासपीठावर चढून मत मागू लागली की तिच्या बहीणपणाची मुदत संपते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. स्त्रियांचे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले आणि पुरुषांच्या तुलनेत दीड-दोन टक्क्यांचेच अंतर उरले. २०१९ मध्ये स्त्रियांचे मतदान साठ टक्क्यांच्याही खाली होते. महायुतीने २८८ पैकी दोनशेहून अधिक जागा जिंकल्या आणि निकालाच्याच संध्याकाळी लाडक्या बहिणींना श्रेय देऊन टाकण्यात आले. मी निवडणुकीच्या कामावर अनेकदा गेले आहे, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगते. मतदान केंद्रावर दर दोन तासांनी पुरुष किती आणि स्त्रिया किती हा आकडा वर कळवावा लागतो, त्यासाठी यादीत स्त्रियांच्या नोंदीला वेगळी खूणही करतात. परंतु यंत्रातले मत स्त्रीचे की पुरुषाचे, हे कोणालाही कधीही कळत नाही. किती बायका आल्या हे खात्रीने सांगता येते. त्यांनी कोणाला आणि का मत दिले, ते पाहणीकर्त्यांना दिलेल्या उत्तरांवरून फक्त अजमावता येते. सोयाबीनचा भाव, उमेदवाराची जात, बंडखोरांची भाऊगर्दी, गावातले जुने वैर, आरक्षणाचे आंदोलन, या सर्वांचा विचार बायकाही करतात. पण पुरुषाने मत दिले की त्यामागे राजकारण असते आणि बाईने दिले की कृतज्ञता असते, असे धरून चालणे विश्लेषकांना सोपे जाते.

निवडणुकीनंतर भावाने बहिणीची कागदपत्रे तपासायला घेतली. २,१०० रुपयांचा उल्लेख मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आला नाही आणि तरतूद ३६,००० कोटींवर उतरली. २६ लाखांहून अधिक खाती संशयास्पद ठरली आणि त्यांत सुमारे चौदा हजार पुरुषही निघाले, जे लाडकी बहीण कसे झाले हे मला अजून उलगडलेले नाही. पुढे ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या आधार क्रमांकाबरोबर पती किंवा वडिलांचाही आधार क्रमांक मागितला गेला, म्हणजे ‘अमक्याची बायको’ संगणकावर परत आली. ज्यांना पतीही नाही आणि वडीलही नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न नंतर सुचला आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. अपात्र लाभार्थी वगळू नयेत असे माझे म्हणणे नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब झालाच पाहिजे. परंतु ही छाननी मतदानाआधी का झाली नाही, याचे उत्तर आमच्या इयत्ता नववीच्या मुलांनीही दिले असते.

उमेदवारीच्या बाबतीत लाड लवकर संपतो. २०२४ च्या विधानसभेला ४,१३६ उमेदवारांत ३६३ स्त्रिया होत्या, निवडून आल्या २१. आधीच्या सभागृहात २४ निवडून आल्या होत्या. १९९४ मध्ये महिला धोरण आणणाऱ्या आणि २०११ मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा देणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. लोकसभा आणि विधानसभांतल्या एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवली.

निम्म्या जागांनी ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीला दिला हे खरे, पण दुसरेही बरेच काही दिले. माझी एक विद्यार्थिनी सासरच्या गावी राखीव जागेवर सरपंच झाली. पहिल्या वर्षी तिचा नवरा खुर्चीत बसे आणि ती सही करी. दुसऱ्या वर्षी गावातल्या बायकांनी दारूचे दुकान बंद करण्याचा विषय काढला तेव्हा तिने खुर्ची मागून घेतली. आपल्याकडे एक मतदान असे आहे ज्यात फक्त स्त्रिया मत देतात आणि कोणीही त्यांना ताई-माई-अक्का करत दारी येत नाही: उभ्या आणि आडव्या बाटलीचे. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली की असे मतदान घेता येते, आणि यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. जी आली नाही, जी माहेरी होती, जी उसाच्या तोडीवर गेली होती, जी वारली पण यादीत राहिली, त्या सर्व जणी हिशेबात उभ्या बाटलीकडे धरल्या जातात. आमदारकीसाठी मतदानाच्या अशा अटी असत्या तर कित्येक आमदार घरी बसले असते.

माझ्या विद्यार्थिनीच्या गावात पहिल्यांदा मतदान झाले तेव्हा आडवी बाटली बेचाळीस मतांनी कमी पडली, कारण कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, गेले होते. तिने पुढच्या खेपेला मागणीअर्ज अशा हिशेबाने दिला की मतदान टोळ्या परतल्यावर यावे. तारखेचे महत्त्व नेत्यांनाही कळते. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला आणि विधानसभेचे मतदान २० ला, या पाच दिवसांत ऊसतोडीच्या बायका कुठे असणार, याची काळजी दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना होती आणि त्यांना आणण्या-नेण्याच्या गाड्यांची चर्चा फडापर्यंत पोहोचली होती. त्याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्यावर उमेदवार किती बोलले, ते मी लक्ष ठेवून ऐकले. माझ्या कानावर तरी एक वाक्यही आले नाही.

परत आमच्या प्रभागाकडे येते. मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होते, त्यामुळे आचारसंहितेने यंदा हळदीकुंकवाची पंचाईत केली. रथसप्तमीपर्यंत वाट पाहिली. निकाल लागून गेल्यावर एकाही इच्छुकाचे बोलावणे आले नाही, आणि माझ्या डब्यांची संख्या तीनच राहिली. त्या उमेदवार बाई निवडून आल्या. प्रचारात त्यांच्यापुढे मी एकच विषय ठेवला होता, तो मंडईतल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहाचा. पहाटे चारला माल घेऊन आलेल्या भाजीवाल्या दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण त्याला कुलूप आहे. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावाने हाच प्रश्न लावून धरला होता, तोवर आपल्या शहरांच्या आराखड्यांत तो प्रश्न म्हणूनही नव्हता. बाईंनी मान डोलावली. कार्यकर्त्याने वहीत काहीतरी लिहिले. मी वाकून पाहिले तर ‘महिला – पाणी’ असे होते.

गेल्या आठवड्यात मी मंडईत गेले तेव्हा कुलूप तसेच होते, आणि किल्ली कोणाकडे असते हे पहारेकऱ्यालाही सांगता आले नाही. आम्ही सात जणींनी प्रभाग कार्यालयासाठी अर्ज तयार केला आहे. कोथिंबीर विकणाऱ्या बाईंनी सुचवले की वर ‘आपल्या लाडक्या बहिणी’ लिहू, म्हणजे लवकर काम होईल. त्यावर बराच वाद झाला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. शेवटी प्रत्येकीने आपले पूर्ण नाव लिहिले, त्याखाली गाळ्याचा क्रमांक आणि धंदा लिहिला. माझ्या नावापुढे गाळा नसल्यामुळे मी ‘ग्राहक’ लिहिले आहे. सोमवारी अर्ज देऊन पोच घ्यायची आहे.